वाकलेलं हॅन्डल

अकोल्यात हाडांच्या डॉक्टरकडे बायको रागिणीच्या शेजारी कंबर धरून बसलेल्या देवमनले त्याचा मित्र प्रीतम विचारत होता.

"सरळ हॅन्डलची इलेक्ट्रिक सायकल बरी होती ना बे? हे वाकलेलं हॅन्डल काहून घेतलं?"

"सुसाट पयते राजा! फक्त वाकून बसा लागते."

"मंग?"

"काल खुशालकाका समोरून आले. शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या भांडनातून बारा वर्षं बोलनं बंद. त्यायले वाटलं, मी वाकून नमस्कार करून राहिलो. रस्त्यातच गळ्यात पडले!"

"खरं सांगतलं का त्यायले?"

"येडा हायेस काय? चहा पेलो त्यायच्या घरी."

रागिणीनं हसू लपवाले एक्स-रेचं पाकीट तोंडापुढं धरलं.

"डॉक्टर म्हनतीन, हॅन्डल सरळ कर," प्रीतम म्हणाला.

"करीन ना. पन अजून रुसलेला सासरा बाकी हाये!"