डिकीतला कागद

न्हाई मॅडम, हा बाण खोटा हाय. एका चौकोनात कोर्ट, दुसऱ्यात पोलीस ठाणं, मधी सरळ बाण — वा! पुण्याहून एवढ्या लांब आमच्या कामाचा अभ्यास करायला येऊन वहीत हेच काढलं व्हय? हा बाण म्हंजे मी. हरिचंद हवालदार. कोर्टाचे कागद ठाण्यात, ठाण्याचे कोर्टात, सव्वीस वर्षं हेच करून राहिलो. — काय म्हणलात? कम्प्युटर जोडलेत? जोडले की! कोर्टाच्या कम्प्युटरवर वॉरंट रद्द, ठाण्याच्या कम्प्युटरवर तेच वॉरंट जिवंत, आन् दोघांच्या मधी माझ्या गाडीची डिकी. शिक्क्याचा कागद आल्याबिगर ठाण्यात कुणी मानत न्हाई. काढा, डिकी काढा तुमच्या नकाशात!

हसू नका. ग्यानबा म्हणून एक हाय, वारंगा फाट्याकडचा. आरोपी बी न्हाई — साक्षीदार! तारखेला आला न्हाई म्हणून वॉरंट निघालं. शुक्रवारी गडी कोर्टात हजर झाला, वॉरंट रद्द, कागद माझ्याकडं. शनिवारी भर बाजारातून आमच्याच ठाण्याच्या पोरांनी उचलला त्याला. गजाआडून सारखं एकच — साहेब, रद्द झालंय हो, माय लई आजारी हाय. लॉकअपवर मीच होतो. म्हणलं, समदे असंच म्हणतेत. — कागद? डिकीत. शुक्रवारी फाट्यावर चहाला थांबलो, तसाच घरी गेलो. विसरलो, माणूस हाय. — आठवलं कधी? दुपारी. शनिवारी दुपारीच आठवलं, मॅडम. गाडी बाहेर लिंबाखाली, दहा पावलांवर. पण कालचा कागद आजपर्यंत कुठं होता, हे मोठे साहेब विचारणार का न्हाई? पेन्शनला आठ महिने ऱ्हायलेत माझे! म्हणलं, उद्या त्याला सुट्टीच्या कोर्टापुढं न्यायचाच हाय, तवा काढू. सांजच्याला निरोप आला — त्याची माय, गोजरबाई, गेली. तरी बी मी उठलो न्हाई. रविवारी सकाळी भाच्यानं अग्नी दिला तिला. दुपारी मी डिकीतला कागद घेऊन आत आलो. कोर्टाच्या बाबूला घरी जेवणावरून उठवून आत्ताच कागद आणला, म्हणलं. साहेबांनी पाठ थोपटली. आन् त्या येड्यानं, मॅडम, पाय धरले माझे. म्हणला, हवालदारसाहेब, तुमी होता म्हणून सुटलो.

मी धरू दिले.

— काय लिहून राहिलात? बंद करा ती वही. उठा. निघा तुमी.