सहा हजारांचा अपमान

...आणि वर मला लिहितो, अपमान करू नका. अपमान? मी नुसतं विचारलं हो. नऊ लिहिलेत, सहाला द्याल का, एवढंच. मी काय त्याच्या खिडकीवर दगड मारला? विचारायला काय झालं, तुम्हीच सांगा.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं ही बाईच भांडखोर. मी शिवणकाम करते, बावीस वर्षं झाली. पुढच्या खोलीत मशिनं, मागच्या खोलीत आम्ही. तर झालं काय, शाळेचे सदतीस गणवेश कापून ठेवलेले, शाळा उघडायला बारा दिवस, आणि माझं ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा बांधायचं मशीन हो, धागे सुटू नयेत म्हणून, ते गेलं. गेलं म्हणजे जळलं. आधी वास आला, मला वाटलं शेजारणीचं दूध लागलं, मी इथूनच दोनदा तिला हाक मारली, आणि बघते तर धूर माझ्याच गुडघ्याशी. मेकॅनिकनं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि काही न बोलता परत लावलं. आता डॉक्टर असा गप्प बसला की आपण काय ते समजतोच ना...

नवीन घ्यायचं तर आम्ही दोघांनी दोन महिने हवा खायची. म्हणून मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघत बसले आणि हे सापडलं. दोन गल्ल्या सोडून, फोटोत कसं, नुसतं चकचकीत. नऊ हजार. आणि खाली, 'किंमत ठाम.'

आता ठाम म्हणजे काय हो? बावीस वर्षांत मला एक गिऱ्हाईक असं भेटलं नाही, की शिलाई ऐकून नुसतं 'बरं' म्हणालं. सगळ्यांचे डोळे मोठे होतात. "एवढे? एका पँटची उंची कमी करायचे?" मग मी काय त्यांना हाकलून देते? मी पाणी विचारते. विचारू दे बापडे, विचारायला काय झालं.

आणि तुम्हाला सांगते, कमी सांगायचीसुद्धा एक रीत असते. ती मी पाळते. आधी नमस्कार लिहायचा. नाहीतर काही लोक नुसता आकडा फेकतात, 'चार', बस, जसं काही कुत्र्याला बिस्किट टाकलं. वस्तूला नावं ठेवायची नाहीत... अहो, एवढी वाईट आहे तर घेताय कशाला? आणि मुख्य म्हणजे, एकदा ठरलं की ठरलं. मग त्यांच्या दारात उभं राहून भाव पाडायचा नाही. तो हलकटपणा. माणूस वस्तू पुसून, मांडून बसलेला असतो हो.

तर मी अगदी रीतसर लिहिलं. 'नमस्कार. मशीन छान दिसतंय. सहा हजारांना द्याल का?' तर त्याचं उत्तर, 'वस्तूची किंमत कळत नसेल तर विचारू नये. कृपया अपमान करू नका.' मला किंमत कळत नाही? मला? मी लिहिलं, 'नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा की, शिकवता कशाला?' तर त्यानं मला ब्लॉक केलं. म्हणजे मी आता गुन्हेगार.

सहा दिवस मी कडा हातानं शिवल्या. बोटं बघा. आणि सहा दिवसांनी जाहिरात तिथंच, नऊ हजार, किंमत ठाम. कुणी घेतलं नाही ना? मग?

मग काय, आमच्या ह्यांच्या फोनवरून फोन लावायचा ठरला. आमचे हे पोस्टात आहेत, स्वभावानं इतके गरीब, की मी भाजीवाल्याशी बोलायला लागले की हे समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहतात. मी ह्यांना तीनदा पढवलं, "अहो, सातपासून सुरू करा, आठच्या वर जाऊ नका." ह्यांनी मान हलवली, फोन लावला. समोरून तो काहीतरी बोलला. आणि हे काय म्हणाले सांगू? "हो हो, चालेल, चालेल."

नऊला.

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. पण शब्द दिला म्हणजे दिला, तोंड कुणाचं का असेना. गेलो दोघं. दार त्या गृहस्थानं उघडलं. मशीन पुसून ठेवलेलं, खाली स्वच्छ चादर. मी पैसे काढते तोच आतून त्याची आई आली, काठी टेकत. मशीन तिचं. तीस वर्षं चालवलेलं, आता नजर राहिली नाही. तिनं विचारलं, "कितीला ठरलं?"

गृहस्थ म्हणाला, "नऊ."

"नऊ?" म्हातारी म्हणाली. "अरे, ते सुया मोडतं. ह्या बाईला सांगितलंस का? सहा घे."

सहा. गृहस्थाची मान खाली. आमचे हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. आणि मी? मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "मावशी, सहा नको. सहा म्हटलं की तुमच्या मुलाचा अपमान होतो. दारात आल्यावर मी भाव पाडत नाही. नऊच घ्या."

"अगं, पण ते सुया मोडतं."

"मोडू दे. ठरलं ते ठरलं."

"साडेसहा घे बाई, माझं ऐक."

"साडेआठ. त्याच्या खाली मी जाणार नाही."

दोघी हट्टाला पेटलो. ती उतरवतेय, मी चढवतेय. तिनं माझा हात धरला, बोटांवरून बोट फिरवलं, सुया टोचलेल्या जागा तिला बरोबर सापडल्या. "हातानं शिवत होतीस?" म्हणाली. मी हात सोडवून घेतला आणि नऊ हजार मुलाच्या हातात ठेवले. मग तिनं त्याच्या हातातून पाचशेच्या दोन नोटा घेतल्या, माझ्या मुठीत कोंबल्या आणि म्हणाली, "आठ. आता बोललीस तर मशीन देणार नाही." गृहस्थानं खालपर्यंत उचलून दिलं, आणि जाताना हळूच म्हणाला, "ते सहा... तुम्हीच का हो?" मी म्हटलं, "मीच. विचारायला काय झालं?"

सदतीसच्या सदतीस गणवेश वेळेत गेले. मशीन धावतं, आवाज नाही, कड अशी सरळ येते की बघत राहावं. आणि दर मंगळवारी, नेमानं, सुई मोडतं. तक्रार तरी कुणाकडे करू? सुयांचा डबाच आणून ठेवलाय.