थुंकी वाकडी पडली तेव्हा

चहा घे, पण डोकं दुखतंय असं माझ्यासमोर म्हणू नकोस. का ते सांगतो.

माझ्या बायकोला अर्धशिशी जुनीच. कपाळाला फडकं बांधायचं, अंधारात पडायचं, संध्याकाळी उठून भाकऱ्या थापायच्या. त्या दिवशी मात्र तांदूळ पाखडता पाखडता सूप टाकून ती खालीच बसली. म्हणाली, "हे नेहमीचं नाय. डोक्यात काहीतरी फुटल्यागत झालं."

मी बाम शोधायला लागलो. आईने मीठ-मिरच्या मुठीत घेऊन तिची दृष्ट काढली आणि मूठ तिच्या तोंडापुढे धरली. "थुंक गो यावर."

ती थुंकली, पण थुंकी मुठीवर पडलीच नाय. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळली.

"नीट थुंक गो."

पुन्हा तसंच. आईने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "रिक्षा काढ. ही दृष्ट नाय."

आमच्या कापडे गावातून महाडच्या दवाखान्यापर्यंत मागे बसलेल्या दोघींकडे वळून बघायची माझी हिंमत झाली नाय. डॉक्टर म्हणाले, "डोक्यात रक्तस्राव झालाय, म्हणून तोंडाची डावी बाजू लुळी पडली. घरी निजवून ठेवलं असतंत तर हाताबाहेर गेलं असतं." आईची मूठ तेव्हाही आवळलेलीच होती.

आता बायको बरी हाय. पण तिचं डोकं दुखलं की आई अजून आधी थुंकायला लावते. थुंकी सरळ पडली की आई निवांत बाम चोळत बसते. मी मात्र बाहेर जाऊन रिक्षाचं तोंड महाडकडे करून ठेवतो.