दोराच्या टोकाचा गडी

...अहो, पाणी प्यायलो होतो हो! तुम्हाला सांगतो, जो येतो तो तेच विचारतो, ‘पाणी नाही का प्यायलात?’ अरे, तांब्यावर तांबे रिचवले होते! पोट नुसतं डुचमळत होतं!

झालं काय, आमच्या कारखान्यात कूलर एक आणि दावेदार दोन, आम्ही हिशेबवाले आणि ते गोदामवाले. उन्हाळाभर कूलर कुणाकडे, हे ठरवायला रस्सीखेच! तीही कधी? भर दुपारी, पत्र्याच्या शेडसमोर! म्हणजे गारव्यासाठी आधी भाजून घ्यायचं... असली अक्कल आमच्याकडेच! आणि दोराच्या टोकाला कोण? मी. का? तर म्हणे, ‘भाऊसाहेब, तुमचं वजन आहे.’ एरवी माझ्या शब्दाला नसतं हो!

पहिला डाव आमचा, दुसरा त्यांचा. घामाच्या नुसत्या धारा! मी पुन्हा पाणी प्यायलो. तिसऱ्या डावात पोटरीत काहीतरी टणकन उडालं आणि आत हा एवढा गोळा! मग दुसऱ्या पायात! मग पोटात! आमचा कप्तान, म्हणजे हेडक्लार्क, मागे न बघता ओरडतोय, ‘सोडू नका, भाऊसाहेब!’ अहो, सोडतोय कसला, दोर अंगाला गुंडाळलेला! मग मी अशी बोंब ठोकली, अशी ठोकली, की समोरच्यांना वाटलं, म्हातारा गेला! घाबरून त्यांनीच दोर सोडला... आणि आम्ही जिंकलो! अख्खं हिशेबखातं माझ्या अंगावर!

कारखान्याच्या सिस्टर धावत आल्या. मला सावलीत नेलं, बूट काढले, पाय सरळ करून चवडा हळूहळू माझ्याकडे ओढला. मी कण्हत म्हटलं, पाणी प्यायलो होतो हो!

"घामातून मीठही जातं, काका," त्या म्हणाल्या. "ते नुसत्या पाण्यानं कसं भरणार?"

मग मीठ-साखरेचं पाणी, घोट घोट. वर दम, की आज पुन्हा दोराला हात लावायचा नाही, आणि तासाभरात गोळे गेले नाहीत तर तडक डॉक्टरांकडे. पण हळूहळू गेले बरं का, आणि मी माणसात आलो. तिकडे कूलरभोवती सगळे नाचतायत! मीही नाचलो असतो, पण सिस्टरची नजर...

आता कप्तान पुढच्या वर्षाच्या तयारीला लागलाय. काल माझ्या टेबलावर तांब्या ठेवला, खांद्यावर हात ठेवला आणि लाडानं म्हणाला,

"भाऊसाहेब, सामन्याच्या दिवशी हवं तेवढं प्या... फक्त साधंच."

मी तांब्या तोंडाला लावला. कूलरचा झोत नेमका माझ्याच टेबलावर येतो हो!