कढी आंबट लागली त्या दुपारबद्दल

पहिल्या आल्या त्या डॉक्टरीणबाई, बरोबर बाराला. भीमराज मागून, तुटकी चप्पल हातात घेऊन. हवालदार म्हणतात, आधी नाव सांगा.

मी मालन विष्णू धुरी, वय ६७ असावं, काम घरचंच, राहणार खोली ११, मोरजकर चाळ, असल्फा, घाटकोपर, ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

काल रविवार दि. ९-११-८६ रोजी दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान शेजारी श्यामसुंदर यांचा टेपरेकॉर्डर चोरीस गेला. माझा नातू जयवंत, वय २४, यास संशयावरून इथे आणलं आहे. तो तीन वर्षं ब्राउन शुगर ओढायचा. माझी तांब्याची घागर त्यानेच विकली. ती तक्रार मी दिली नाही, देणारही नाही. आता आठ महिने तो पावडरीला शिवलेला नाही.

चोरीच्या वेळेस तो माझ्यासमोर जेवत होता. इस्पितळातल्या डॉक्टर वसुधाबाई व त्यांचे मदतनीस भीमराज त्याला बघायला आले होते. दोघांना मी जेवल्याशिवाय सोडलं नाही. बांगडे होते.

मी बाईंना विचारलं, पावडर सुटली तरी हा माती गिळल्यासारखा जेवतो, हसत नाही. माझ्या हाताची चव गेली काय? बाई म्हणाल्या, "नाही हो आजी. मेंदू स्वतःच सुखाचा रस करतो. त्या रसाला बसायला आत पाट मांडलेले असतात. ह्याच्या पाटांवर तीन वर्षं पावडरच ठाण मांडून बसली. मग मेंदूने बरेच पाट उचलून ठेवले, उरले ते बधिर झाले. आता घरचा रस आला तरी बसणार कुठे?"

मी म्हटलं, "मग मांडा की परत!"

"आम्हाला नाही मांडता येत. मेंदूच मांडतो, सवडीने."

तेवढ्यात जयवंतने वाटी खाली ठेवली. "आजी, कढी आंबट झाली गं."

बाईंचा घास हातातच राहिला. "काय म्हणालास?"

"आंबट. आमसुलं जास्त पडली."

मी म्हटलं, "मेल्या, आठ महिन्यांनी तोंड उघडलंस ते नावं ठेवायला!" भीमराज हसायला लागला. मला तिखट लागलं म्हणून मी मोरीत जाऊन डोळे धुऊन आले.

तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. बाईंनी कढीचं आणि वेळेचं वहीत लिहून घेतलं आहे, त्यांना विचारावं. दोघं दोन वाजता गेले. तोवर जयवंत उठला नाही. आणखी दोन वाट्या प्यायला, तीच आंबट.

हवालदारांनी हे सगळं मोठ्याने वाचलं, मी बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून अंगठा देते. एक राहिलं, तेही लिहा. बाई आणि भीमराज परत येणार आहेत, येत्या रविवारी, सोळा तारखेला. जयवंतला बघायला. घरी.