मानगूट आणि मनगट

मंडळी, ऐका! आज सुरुवातीलाच प्रश्न टाकतो. चोर आणि रोगी एकाच अंगात राहायला आले, तर दार कुणी वाजवायचं? फौजदारानं की वैद्यानं?

हां, बघा! खांबाजवळ तंबाखू मळणारा हात थांबला! मळा, मळा. आजचं आख्यान तंबाखूचं नाही. तुमचा नंबर उद्या!

तर एक गाव होतं. नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्ही गोष्ट सोडून तिथले सोयरे आठवत बसता! गाव हमरस्त्याला लागून. रस्त्याकडेला एक टपरी. टपरीत पान कमी आणि गोळ्याच जास्त! डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत अशा झोपेच्या गोळ्या. लोक त्यांना 'बटन' म्हणायचे. का? तर एक घेतली की डोक्यातला दिवा बंद! आधी एक, मग दोन, मग अख्खी पट्टी. गावातली एकोणीस माणसं अशी नादाला लागली.

त्यातला एक रंगनाथ टेलर. हात असा, की बाही लावली तर शिवण शोधून सापडू नये! त्याच हातानं त्यानं आधी शिलाई मशीन विकलं, मग बायकोची जोडवी, आणि एक दिवस तालमीत शिरून काय उचललं असेल? वस्तादांची चांदीची गदा!

वस्ताद कोंडिबा झांबरे. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या तालमीत माती खाऊन मोठी झालेली. ती गदा त्यांनी तरुणपणी जत्रेच्या मैदानात कमावली होती. गेली, ती पुन्हा दिसली नाही. आता वस्ताद चिडले तर त्यांचं चुकलं का? नाही हो! माझी चिपळी कुणी नेली तर मी त्याला कीर्तनातून शिव्या देईन!

ग्रामसभा भरली. वस्ताद उठले. "एकोणीसच्या एकोणीस नावं फौजदाराला द्या! मानगूट धरल्याबिगर नशा उतरत न्हाई!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई उठल्या. वत्सला म्हेत्रे नाव, पण सगळे सिस्टरच म्हणायचे. म्हणाल्या, "वस्ताद, टपरीवाल्याची मानगूट तुम्ही खुशाल धरा. पण गोळी खाणाऱ्याची मानगूट धरून मला काय कळणार? मला मनगट लागतं. नाडी तिथं असते."

"गदा चोरणाऱ्याला पेशंट म्हणायचं व्हय?"

"चोर म्हणा की! पण चोराला ताप आला तर त्याला औषध देतोच ना आपण?"

इतक्यात बायकांच्या घोळक्यातून रंगनाथची बायको, यमुना, उभी राहिली. सभेत कधी न बोललेली बाई. "माझा माणूस आत गेला तर कधीतरी भाईर येईलच. पर बरा होऊन येईल, का हाय तसाच येईल? एवढंच कुणीतरी सांगा मला."

सांगितलं का कुणी? नाही. मघाशी टाळ्या वाजवणारे आता चपला शोधायला लागले.

मंडळी, आपल्याकडे दोन मतं पडली की काय करतात? दोन्ही करतात आणि दोन्ही अर्धवट करतात! ठरलं, रविवारी देवळात व्यसनमुक्ती शिबिर घ्यायचं. जो येईल त्याला औषध, जो येणार नाही त्याचं नाव पोलिसांत. झकास! पण निरोप कसा द्यायचा? ग्रामसेवक भाऊसाहेबांनी काकड आरतीनंतर देवळाचा भोंगा लावला आणि लग्नपत्रिका वाचावी तसं वाचलं: "श्रीयुत रंगनाथ बोत्रे आणि इतर अठरा व्यसनी बांधव," आणि अठराही नावं आडनावासकट! "यांनी सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून शिबिराची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती!"

हसता काय! तुमच्या नावानं असा पुकारा झाला असता तर गेला असता तुम्ही शोभा वाढवायला?

रविवारी मांडव होता, हार होते, नारळ होता, तालुक्याचे डॉक्टर आले होते. फक्त पेशंट नव्हता! एकोणीसपैकी एकही नाही. कुणी उसात लपलं, कुणी मामाच्या गावाला गेलं. डॉक्टरांनी पोहे खाल्ले, सिस्टरना आपला फोन नंबर दिला आणि ते गेले.

वस्ताद म्हणाले, "झालं समाधान? आता माझी पाळी!" आणि मंडळी, दुसऱ्याच दिवशी त्यांनी टपरीवाल्याला मालासकट धरून पोलिसांच्या हवाली केला. चांगलं केलं! मी त्यात काडीची खोट काढत नाही. विष विकणाऱ्याची पूजा बांधायची नसते. गावात फटाके वाजले. नशा संपली म्हणून वस्ताद मिशीला पीळ देत फिरले.

टपरी बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशी भर दुपारी वस्ताद एकोणीस नावांचा कागद खिशात घालून निघाले. पहिलं नाव रंगनाथचं. त्याला स्वतः ओढत ठाण्यावर न्यायचं, असा त्यांचा पण! घरात शिरले. रंगनाथ सतरंजीवर कुडकुडत पडलेला, घामानं भिजलेला. वस्तादांनी मानगूट धरली आणि उचलला. उचलताच त्याचे डोळे पांढरे झाले! अंग ताठ! दातखीळ बसली, हातपाय झटके द्यायला लागले.

यमुना ओरडली, "तीन दिस गोळी न्हाई मिळाली त्येंला! रात्रंदिस असेच कापत हुते!"

वस्तादांनी आयुष्यात शेकडो गडी चीत केले. पण हातातला माणूस असा कधी तडफडला नव्हता. ओरडा ऐकून उपकेंद्रातून सिस्टर धावत आल्या. "वस्ताद, मानगूट सोडा! कुशीवर वळवा! तोंडात काही घालू नका!" झटके थांबले तशी वस्तादांनी त्याला लेकरासारखा उचलून जीपमध्ये घातला आणि तालुक्याच्या दवाखान्यात आणला.

डॉक्टर म्हणाले, "या गोळ्यांची सवय लागली की त्या एकदम तोडायच्या नसतात, पायरीपायरीनं उतरवायच्या असतात. एकदम तुटल्या तर जीव जातो. विकणारा पकडला ते उत्तम केलंत. पण त्याच दिवशी मला कळवायला हवं होतं." आणि आत गेले. सिस्टर आणि यमुना रंगनाथजवळ राहिल्या. बाहेर केसपेपरच्या खिडकीशी वस्ताद एकटे.

कारकुनानं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"रंगनाथ बोत्रे."

"तुम्ही पेशंटचे कोण?"

वस्तादांचा हात खिशावर गेला. काय सांगतील? तक्रारदार? त्याला धरायला आलेला माणूस? खिशात कागद, त्यावर पहिलं नाव त्याचंच!

"अहो, कोण तुम्ही? मागं रांग आहे!"

"गावातला हाय मी."

"गाव हे नातं नाही हो! जबाबदारी कोण घेणार? सही कोण करणार?"

मंडळी, फौजदारानं हा प्रश्न कधीच विचारला नसता! तिथं तक्रार द्यायची आणि घरी येऊन जेवायचं! इथं मात्र नातं सांगितल्याशिवाय कागद पुढं सरकत नव्हता.  वस्ताद म्हणाले, "लिवा. थोरला भाऊ." आणि सही केली.

खिशातला तो एकोणीस नावांचा कागद फौजदाराकडे गेला नाही. पुढचे पंधरा दिवस वस्ताद अंधार पडल्यावर नाही, दिवसाढवळ्या एकेकाच्या घरी गेले. पण भोंगा न लावता, चहा प्यायला आलो म्हणून. मनगट धरून एकेकाला सिस्टरकडे नेलं.

सगळे बरे झाले का? खोटं कशाला सांगू! अकरा जण सुधारले. काही पुन्हा पुन्हा घसरले. एक जण गेला, त्याच्याकडे पोचायला उशीर झाला. रंगनाथ एकदा परत घसरला, वस्तादांनी परत सही केली. आज तो दुसऱ्याच्या मशीनवर बसून गणवेश शिवतो. हात अजून थोडा कापतो.

आता तुमच्याकडे येतो! तुमच्या आळीतही असं एक घर आहे. कुणाचं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी नाव घेणार नाही; हा माझ्यासमोरचा माईकसुद्धा भोंग्यालाच जोडलेला आहे! पण उद्या त्या खिडकीवर तुम्हाला विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" तर काय लिहायला सांगाल? ज्याचं उत्तर ठरलं असेल, त्यानंच आता नामाचा गजर करावा. बाकीच्यांनी टाळ मांडीवर ठेवा. आवाज कमी आला तरी पांडुरंग रागावणार नाही. खोटा गजर मात्र नको.