डावीकडचे आटे

(गॅरेज. जुना पिकअप जॅकवर. डाव्या चाकापाशी मिस्त्री, पिकअपचे मालक बाबा आणि त्यांची लेक. लेकीच्या खांद्यावर बाळ झोपलंय.)

मिस्त्री : …आणि हा तिसरा बोल्ट. हाही मुळापासून तुटलाय. ताई, पान्यावर उभ्या राहिलात की काय?

लेक : उभीच राहिले होते. नट हलेचना.

मिस्त्री : हलेल कसा? या गाडीच्या डाव्या चाकांचे आटे उलटे. आपण सोडवायला फिरवतो, तसा तो आवळत जातो.

लेक : हे मला आज कळतंय.

बाबा : तीस वर्षांत एक बोल्ट तुटला नव्हता.

लेक : तीस वर्षं पाना तुमच्याच हातात होता, बाबा.

बाबा : हळू. उठेल ती.

लेक : हळूच भांडतेय.

मिस्त्री : आटे गाडीचे उलटे आहेत म्हटलं मी, घराचे नाही. ऐका आता. हे पाच बोल्टचं चाक कुठे मिळत नाही. दुकानात येतात ती सहाची. चाक ज्यावर बसतं ते चारही हब बदलू. सहा बोल्ट, आटे सगळे सुलटे.

बाबा : मध्ये चकती घालून नाही भागणार? पाचावर चकती, चकतीवर सहाचं चाक.

मिस्त्री : भागेल. पण चाक दोन बोटं बाहेर येतं, सगळा भार बेअरिंगवर. ताई आठ महिन्यांचं लेकरू घेऊन फिरणार. मी नाही बसवणार.

बाबा : मग तीन तुटलेत, तीन घाल. मिटलं.

मिस्त्री : घालतो, शोधून आणतो कुठून तरी. पुढच्या पंक्चरला तुम्ही असाल तिथे, काका?

बाबा : बोलावलं की येईन.

लेक : आलात की परवा. दोन बस बदलून, दोन तासांनी. तोवर मी हिला ओढणीखाली धरून रस्त्याच्या कडेला. फोनवर दोन शब्द पुरले असते. ‘उलटं फिरव.’

बाबा : म्हटलं, मी निघालोच आहे.

लेक : मी विचारलं होतं, या चाकाचं काही वेगळं आहे का म्हणून. काय म्हणालात?

बाबा : झालं ते झालं आता.

लेक : ‘तू हात लावू नकोस.’

मिस्त्री : मी जरा हात धुऊन येतो.

लेक : थांबा हो. तुमच्यासमोरच होऊ दे.

बाबा : विसरलो नव्हतो मी. अगदी जिभेवर होतं. पण तू म्हणालीस, ‘बाबा, मला जमत नाहीये.’ असं तू कधी म्हणतेस? बाळंतपणात म्हणाली नाहीस. मला… बरं वाटलं गं. आता लाज वाटते सांगायला.

लेक : मला रडू आलं होतं तिथे.

बाबा : आलो तेव्हा दिसलं तुझ्या डोळ्यांत. वाटेत एकदाही मनात आलं नव्हतं.

मिस्त्री : काका, गाडी तुमच्या नावावर, तेव्हा तुम्हीच सांगा. हब बसवायला ॲक्सलची टोकं लेथवर घासावी लागतील. मग जुनी चाकं परत चढायची नाहीत.

बाबा : कधीच?

मिस्त्री : कधीच.

बाबा : चाकं चांगली होती.

लेक : होतीच.

बाबा : हिच्या हातात फार जोर नाही. नवा नट एकटीला सुटेल?

मिस्त्री : लांब दांड्याचा पाना देतो. बाळ कडेवर असलं तरी सुटेल.

बाबा : दोन्ही बाजूंचे सारखेच?

मिस्त्री : जगाचे सुटतात तसेच.

बाबा : घास मग.

लेक : बाबा, मनाविरुद्ध नको.

बाबा : मनाविरुद्धच आहे. तरी घासू दे.

मिस्त्री : शनिवारी न्या. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा आणा. नवे नट एकदा परत आवळावे लागतात.

बाबा : ही आणेल चालवत. मी बाजूला बसून येईन. अगं, त्या बाजूचं दार आतून उघडतं कसं?

लेक : आतून नाही उघडत, बाबा. काच खाली करायची आणि बाहेर हात घालून कडी ओढायची. मी लहानपणापासून तशीच उतरते.